भिंगशेठना कोणी काही सांगायचं नाही

त्या गल्लीत चष्म्याचं दुकान एकच, आणि त्याच्या मालकाला लहानथोर सगळे भिंगशेठ म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी निम्म्या वस्तीच्या नाकावर काचा चढवल्या होत्या. स्वतःच्या नाकाला मात्र त्यांनी कधी ओझं होऊ दिलं नाही. चाळिशी तेवढी होती, पण ती ड्रॉवरमध्ये, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की मगच बाहेर निघायची.

सल्ल्याच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता. शिंप्याला म्हणत, “बारीक काम करता, अधूनमधून मान वर करून लांब बघत जा.” दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या पोरीला म्हणत, “पापणी लववायची असते बाई, नुसती रंगवायची नसते. डोळे कोरडे पडतील.” एखादी आजी मोतीबिंदू पिकायची वाट बघतेय म्हणाली, की हे खेकसायचे, “ते काय झाडावरचं फळ आहे? दिसेनासं झालं ना, मग डॉक्टर गाठा!” आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला, “वर्षातून एकदा डोळे दाखवून घ्या.”

सगळं खरं होतं. फक्त दुसऱ्यांसाठी होतं. स्वतः भिंगशेठ रोज सकाळी दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभे राहत, शेवटची ओळ खडाखड वाचत आणि बायकोकडे बघून म्हणत, “आहे का कोणी माईचा लाल?”

बायको हिशेबी नजरेनं बघायची. कारण वर्षभरापासून दुकानातलं डावीकडचं काचेचं कपाट शेठच्या कोपराला लागत होतं.

“कोणी सरकवलं हे?”

“अहो, ते भिंतीला स्क्रूनं बसवलंय.”

“मग भिंत सरकली असेल!” शेठ म्हणाले. चुकलं असं म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

रस्त्यावर वेगळीच गंमत चालू होती. डाव्या बाजूनं बेकरीवाला हात करायचा, न्हावी दारातूनच हसून बघायचा, आणि शेठ ताठ मानेनं सरळ निघून जायचे. गल्लीनं निकाल लावून टाकला: दुकानाला नवी पाटी लागल्यापासून शेठ जमिनीपासून चार बोटं वर चालतात. हे शेठच्या कानावर आलं, तेव्हा खरं तर त्यांना बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी आपला वचक बसला म्हणायचा!

पण एक दिवस बस थांब्यावर त्यांचा थोरला भाऊ उभा होता. निवृत्त मास्तर. विद्यार्थ्यांची चूक विसरला नाही तो धाकट्याची कसली विसरणार? शेठ त्याच्या हातभर अंतरावरून गेले, तो हात वर करून उभा, आणि यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्या दिवसापासून मास्तरांनी अबोला धरला. नात्यातल्या प्रत्येकाला फोन करून त्यांनी ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक फोनमध्ये ते अंतर थोडं थोडं कमी होत गेलं.

“तो मला दिसलाच नव्हता,” शेठ बायकोला म्हणाले. “थापा मारतोय. तिथे नसणारच तो.”

बायकोच्या मनात पाल चुकचुकली, पण भिंगशेठना डोळ्यांबद्दल कोणी सांगायचं?

ते एका सायकलनं सांगितलं. भर दुपारी रस्ता ओलांडताना डावीकडून ती आली आणि शेठ थेट तिच्या अंगावर गेले. गुडघा फुटला. रस्त्यात बसूनच ते ओरडले, “डोळे फुटले का रे?”

“नाही फुटले,” सायकलवाला चष्मा सावरत म्हणाला. “तुम्हीच तर नंबर काढून दिलाय. घंटी वाजवली, दोनदा हाक मारली. तुम्ही माझ्याकडेच वळलात!”

बायकोनं गुडघ्याला पट्टी बांधली आणि लगेच रिक्षा करून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे एका वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं होतं. नजर मधल्या ठिपक्यावर रोखायची आणि आसपास कुठेही ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. शेठनी चार-पाच ठिणग्यांत ताल पकडला आणि दिसो न दिसो, बटण दाबत सुटले. परीक्षेत शंभरपैकी शंभर आणायचेच होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि ओठ दाबले. “शेठ, ठिणगी नसतानाही इतक्यांदा बटण दाबलंत की मशीनला वाटलं तुम्ही टाइपरायटर बडवताय. पुन्हा बसा. आता खरं खरं.”

दुसऱ्यांदा शेठ खरं वागले. एक ठिणगी दिसली, दुसरी दिसली. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन आत टिकटिकत होतं, म्हणजे ठिणग्या येत होत्या. अंगठा बटणावर नुसता टेकून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा भिंगशेठ कोणावर न ओरडता अंधाराकडे बघत बसले.

“काचबिंदू,” बाई म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत आहे, डावा जास्त. आतला दाब वाढून नस खराब होत गेलीय. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. म्हणून तक्ता वाचता येतो तुम्हाला.”

“पण दुखलं नाही कधी!”

“तीच त्याची खोड. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी राखायचं, रोज, न चुकता. घरात कोणाला होता का?”

शेठना वडील आठवले. शेवटची काही वर्षं भिंतीला हात लावून चालायचे, तांब्या लवंडायचे. सगळे त्यांना धांदरट म्हणायचे. सगळ्यात मोठ्यानं शेठच.

“सख्ख्या भावंडांना तपासायला सांगा,” बाई म्हणाल्या.

म्हणजे मास्तरांच्या दारात जाणं आलं. मास्तरांनी दार उघडलं. “आज ओळख पटली वाटतं?”

शेठनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

“म्हणजे त्या दिवशी तू मला टाळलं नव्हतंस?”

“दादा, तू दिसलाच नाहीस रे.”

मास्तरांचा चेहरा पडला. भावाच्या आजारानं थोडा, आणि तीन महिने जिवापाड जपलेला राग फुकट गेला म्हणून बराच. पण दुसऱ्याच दिवशी ते तपासणीला गेले. त्यांच्याही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. नजर मात्र शाबूत होती, अगदी वेळेत सापडलं.

आता मास्तर रोज दुपारी भावाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, “मी बघा, वेळेवर दाखवून घेतलं. कोणाला सांगावं लागलं नाही.” शेठ फ्रेमचा स्क्रू आवळत राहतात. बोलायला तोंड असतं, पण जागा नसते. संध्याकाळी बायको थेंबांची बाटली घेऊन येते, तेव्हा ते लहान मुलासारखे डोळे गच्च मिटतात.

“उघडा,” ती म्हणते. “दोन थेंब आहेत, समुद्र नाही.”

आणि भिंगशेठ डोळे उघडतात.