वीस हजार लिरांत रोम

बेकरीच्या दारावर चिकटवलेला कागद एर्सीलियाने चष्मा लावून दोनदा वाचला होता. रोमची सहल, एक दिवस. आरामशीर बस, दुपारचं जेवण, प्रत्येक बाईला एक भेटवस्तू. माणशी वीस हजार लिरा. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ होती, 'मधल्या वेळेत आमच्या मालाची छोटीशी ओळख, खरेदीची सक्ती नाही.' तीही तिने वाचली होती. म्हणून पुढे राग आला तो दुप्पट आला. न वाचता फसली असती तर निदान स्वतःवर तरी चिडायची वेळ आली नसती.

ती सदुसष्ट वर्षांची होती. मोलिझेच्या डोंगरातल्या फ्रोसोलोनेत जन्मली, तिथेच लग्न झालं, तिथल्याच बालवाडीच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिने पोरांना रांधून घातलं. रोम बसने साडेतीन तासांवर. गावातले लोक इस्पितळासाठी जात, सरकारी कागदांसाठी जात, पोरं नोकरीला जात. एर्सीलिया कधी गेली नव्हती. नवरा, दोनातो, म्हणायचा, "रोम कुठे पळून जातंय?" रोम पळालं नाही, तोच गेला. मागे राहिली ती पेन्शन, आणि त्या पेन्शनीत हॉटेलात राहून रोम बघणं म्हणजे दिवास्वप्न.

पण एका दिवसाचं रोम जमण्यासारखं होतं. रोममध्ये शिकणाऱ्या पुतण्याच्या मुलीने फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. चर्चमध्ये शिरायला पैसे नाहीत. पँथिऑनला, त्या घुमटाच्या जुन्या देवळाला, नाहीत. कारंजी रस्त्यावरच आहेत. पाणी विकत घ्यायचं नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर नळ वाहतात. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की तिप्पट घेतात. एर्सीलियाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली. सगळ्यात वर सेंट पीटर्स, त्याच्याखाली दोन रेघा. मग सिमला मिरच्या घातलेलं जाडजूड ऑम्लेट करून पावात भरलं, आणि नणंदेला, मिकेलीनाला, बरोबर घेतलं. मिकेलीना तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नऊ वर्षांपूर्वी नवरा आन्जेलो वारल्यावर एकटी पडलेली, पलीकडच्या गल्लीत राहायची आणि रविवारच्या प्रार्थनेखेरीज उंबरा ओलांडायची नाही. तिला तयार करायलाच आठवडा गेला.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधला शनिवार. पहाटे पाचला निघालेली बस आसपासच्या गावांतली माणसं घेत नऊला थांबली ती रोमच्या बाहेर, रिंगरोडच्या कडेच्या एका हॉटेलसमोर. आजूबाजूला टायरांचं गोदाम आणि मोकळं रान. आत एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, आणि समोरच्या चौथऱ्यावर एक गादी.

"बसा, मावश्यांनो, बसा," पांढरा कोट घातलेला एक चाळिशीचा माणूस म्हणाला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत होते. कसला डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही. "तासाभराचं काम आहे. रोम अडीच हजार वर्षं तिथेच आहे, आणखी एक तास दम धरेल."

तासाचे दोन झाले, दोनाचे तीन. आधी मेंढीच्या लोकरीचं पांघरूण झालं, मग उशी झाली, मग गादी. गादीत चुंबक होते आणि ते म्हणे रक्त ओढून पाठीत आणत. गुडघे कोणाचे दुखतात, हात वर करा. अर्धा हॉल वर. पाठ कोणाची दुखते? मिकेलीनाने हात वर केला.

"या, या. लाजू नका. इथे झोपा."

मिकेलीना खरंच गेली. बूट काढले. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला सगळ्या हॉलला दिसला. तो माणूस तिच्याजवळ गुडघ्यावर बसला, तिच्या पाठीखाली हात घातला आणि माइक बाजूला धरून हळू आवाजात म्हणाला, "इथे का? कधीपासून?"

"आन्जेलो गेल्यापासून," मिकेलीना म्हणाली आणि रडायला लागली.

एर्सीलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुर्चीतून उठली. "मिकेलीना, ऊठ तिथून."

त्याने माइक पुन्हा तोंडाशी आणला. "बघा. घरातली माणसं असतात ती अशी. दुखत असलं तरी झोपू देत नाहीत."

लोक हसले. एर्सीलिया खाली बसली. हसणाऱ्यांत तिच्याच गावातल्या चार बाया होत्या, हे तिने मोजून ठेवलं.

जेवणात कोमट, गिळगिळीत पास्ता आणि कागदासारखा पातळ मांसाचा काप आला. असला पास्ता तिने बालवाडीच्या मागच्या मांजरालाही घातला नसता. एव्हाना दीड वाजला होता. तिने बसच्या ड्रायव्हरला गाठलं. तो बाहेर भिंतीला टेकून सिगारेट ओढत होता.

"कधी निघायचं रोमला?"

"ते सांगतील तेव्हा. अजून भांडी व्हायचीत." त्याने तिच्याकडे न बघता राख झटकली. "चार वाजता एक चक्कर मारतो. खिडकीतून कोलोसियम दिसतं. सहाला घरचा रस्ता."

"खाली उतरायचं नाही?"

"उतरवलं की तुम्ही लोक हरवता."

एर्सीलिया आत आली तेव्हा चौथऱ्यावर चकचकीत पातेली मांडली जात होती. ती मधल्या वाटेतच उभी राहिली.

"आम्हाला रोमला न्या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बालवाडीतला आवाज, साठ पोरांना एका दमात गप्प करणारा.

"नेणार, मावशी, नेणार."

"आत्ता. पैसे रोमचे घेतलेत, गादीचे नाही."

तो हसला. हसू त्याला सवयीचं होतं. "मावशी, वीस हजारांत तुम्हाला काय वाटलं? पोप स्वतः येऊन वाढणार?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा कमी.

"मी तुझी मावशी नाही," एर्सीलिया म्हणाली. "मला बहीण नाही. असती आणि तिच्या पोटी तुझ्यासारखा निपजला असता, तर त्या घराची पायरी मी चढले नसते."

त्याचं हसू गेलं. आता तो तिच्याशी तिच्या मुलाच्या वयाचा असल्यासारखा नाही, तर पोलिसासारखा बोलला. "दार उघडं आहे. ज्यांना जायचंय त्यांनी चालत जावं. आणि बस सहाला सुटेल, कुणासाठी थांबणार नाही."

एर्सीलियाने पिशवी उचलली. "मिकेलीना, चल."

मिकेलीना पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवर एक कागद होता आणि हातात पेन. "वहिनी, जरा थांब. सही करायचीय."

"कसली?"

"गादीची." ती मान खाली घालून म्हणाली. "हप्त्याने देतात. आणि भेटवस्तू शेवटी मिळणार आहे."

तेव्हा एर्सीलिया जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. "झोप मग त्या गादीवर. मेलीस तरी उठू नकोस."

रागाच्या भरात ती हॉटेलच्या फाटकापर्यंत पोचली आणि मग तिला कळलं की पुढे पायवाटच नाही. मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. मागून कुणीतरी हाक मारली. टोपी हातात धरून एक उंच, वाकलेला म्हातारा येत होता.

"बाई, मी पाल्मेरीनो. तुमच्या शेजारच्या गावचा, याच बसने आलो. गवंडी होतो," तो म्हणाला. "तुम्ही उठलात म्हणून मला उठता आलं. एकट्याने उठायची लाज वाटत होती."

"लाज त्याला वाटायला हवी," एर्सीलिया म्हणाली आणि चालू लागली.

पेट्रोलपंपावरच्या माणसाने शहराची बस कुठे थांबते ते दाखवलं. बसने मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत नेलं, मेट्रोने शहराच्या पोटात. दोघं सरकत्या जिन्याने मोठ्या रेल्वे स्टेशनात वर आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. त्या बसकडे परत जायचं नव्हतंच, आणि घरची आगगाडी सव्वासहाची होती; स्टेशनातल्या तक्त्यावर पाल्मेरीनोने ती आधीच बघून ठेवली होती. सेंट पीटर्स नदीपलीकडे, शिवाय आत शिरायला दीड-दोन तासांची रांग. जाऊन येणं शक्य नाही, असं तिकीटखिडकीतल्या माणसाने खांदे उडवून सांगितलं. एर्सीलियाने यादी काढली आणि दोन रेघांवर बोट ठेवलं. मग कागद घडी करून पिशवीत टाकला.

त्रेवीच्या कारंज्याशी इतकी गर्दी होती की पाणी दिसायच्या आधी फक्त ऐकू आलं. लोक पाठमोरे होऊन नाणी फेकत होते.

"तुम्हीही एक टाका," पाल्मेरीनो म्हणाला. "परत येणं होतं म्हणतात."

"सकाळीच घातलेत की पैसे पाण्यात," एर्सीलिया म्हणाली. "दिवसाला एकदा पुरे."

ऑम्लेटचे पाव त्यांनी एका चर्चच्या पायऱ्यांवर खाल्ले, नळाचं पाणी प्यायले. पाणी बर्फासारखं गार होतं. मिकेलीनाचा पाव तिने पाल्मेरीनोला दिला आणि दिल्यावर तिला वाटलं, तिलाही ओढून आणायला हवं होतं. तरी राग कमी झाला नाही. संडासासाठी कॉफी घ्यावी लागली, ती उभ्याने प्यायली तरी कडूच लागली. हॉटेलांच्या सोनेरी काठाची ताटं मांडलेल्या, रस्त्यावरच्या टेबलांमधून जाताना तिला त्या पांढऱ्या कोटाला काय काय सुनवायला हवं होतं ते एकामागून एक सुचत होतं, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा बरं होतं.

पँथिऑनमध्येही तेच झालं. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं ती मनाने त्या हॉटेलच्या हॉलमध्येच भांडत उभी होती. मग पाल्मेरीनोचा आवाज आला. तो टोपी छातीशी धरून, मान पार मागे टाकून वर बघत होता.

"सगळं काँक्रीट," तो म्हणाला. "लोखंडाची एक सळई नाही आत. मी चाळीस वर्षं स्लॅब टाकले, बाई. खालचे टेकू, सेंटरिंग काढायचं म्हटलं की आदल्या रात्री मला कधी झोप लागायची नाही. इथलं काढलं असेल तेव्हा खाली उभं कोण राहिलं असेल?"

एर्सीलियाने वर पाहिलं. छपराला मधोमध भोक होतं, बैलगाडी आत येईल एवढं, आणि त्यातून खरं आभाळ दिसत होतं. उन्हाचा एक मोठा गोल ठिपका भिंतीवर तिरका पडला होता. एक पारवा त्या भोकातून आत आला, घिरटी घालून वर गेला.

"मुकादम नक्कीच नसेल उभा राहिला," ती म्हणाली.

पाल्मेरीनो हसला आणि तिलाही हसू आलं. मग तिने घड्याळ पाहिलं.

गाडीचं तिकीट सहलीपेक्षा महाग पडलं. गावाजवळच्या इसेर्निया स्टेशनावर पाल्मेरीनोचा मुलगा मोटार घेऊन आला होता. त्याने तिला घरापर्यंत सोडलं.

सोमवारी सकाळी ती मिकेलीनाकडे गेली. टेबलावर भेटवस्तू होती, एक कॉफीची किटली, झाकण न बसणारी. शेजारी तो कागद. एर्सीलियाने पोस्टातल्या बाईकडून सगळं विचारून घेतलं होतं: सात दिवसांच्या आत रजिस्टर पत्र टाकलं की करार रद्द.

"पत्र मी लिहिते, तू सही कर," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"मला नाही पाठवायचं."

"त्याने फसवलंय तुला."

"माहितेय." मिकेलीनाने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "मी काय खुळी आहे, वहिनी? चुंबकाने पाठ बरी होत नाही, मला कळतं. पण नऊ वर्षांत माझ्या पाठीला हात लावून कुणी विचारलं नाही, कुठे दुखतं म्हणून. त्याने पैशासाठी विचारलं. विचारलं तर खरं. आणि तू चारचौघांत मला मर म्हणालीस."

एर्सीलियाकडे उत्तर होतं. दोन दिवस ती उत्तरंच तर जमवत होती. पण त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

"कुठे दुखतं?" तिने विचारलं. आवाज दरडावल्यासारखाच निघाला.

"आता विचारतेस."

"आता विचारतेय. सांग."

मिकेलीनाने सांगितलं. बराच वेळ सांगितलं, पाठीचं आणि बाकीचंही. एर्सीलियाला मधे बोलायची सवय होती, तिने ओठ दाबून धरले. डॉक्टरकडे जायचं ठरलं, खऱ्या. पत्राचं मात्र त्या दिवशी ठरलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी मिकेलीना स्वतःच पत्र लिहून, सही करून दारात आली आणि म्हणाली, "चल, पोस्ट बंद होईल."

परतताना चढावर ती धापा टाकत थांबली. "मग, रोम कसं होतं?"

"त्या हलकटाने जर सकाळीच सोडलं असतं ना..."

"त्याचं नको. रोमचं सांग."

एर्सीलियाला आठवायला वेळ लागला. तिने भोकाबद्दल सांगितलं, आत येऊन गेलेल्या पारव्याबद्दल, गार पाण्याबद्दल.

"आणि?"

"आणि मग स्टेशन."

"एवढंच?"

"एवढंच," एर्सीलिया म्हणाली. "बाकीचा दिवस त्याने खाल्ला."