पाच वाजताचा समुद्र

दर्यानाथ महाराजांचा धंदा बिनभांडवली होता. दर अमासेला सुरतजवळ डुमसच्या किनाऱ्यावर दोनशे माणसं, माणशी एक नारळ आणि 'इच्छेनुसार' एकशे एक. खर्च काय, तर एक त्रिशूळ नि एक भगवी लुंगी. राबायचा समुद्र, आणि त्याला पगार नव्हता. सुरतेत बमरोलीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी भाईदासला यातून एवढंच मिळवायचं होतं, की लेकीचं, सोनालीचं, फिट येणं थांबावं.

बरोब्बर पाचला महाराज पाण्यात त्रिशूळ रोवायचे. "हट, दर्या, हट! भक्ताची पीडा घे आणि हट!" समुद्र आज्ञाधारकपणे हटायचा. आधी वीतभर, मग हातभर, अंधार पडेतो नुसता चिखल. बाया हुंदके द्यायच्या.

"आजपासून गोळ्या बंद," महाराजांनी भाईदासला फर्मावलं होतं. "उरलेल्या पुढच्या अमासेला दर्यात सोडा. पोटात औषध असलं की दर्या रुसतो."

गोळ्या बंद झाल्या. नवव्या दिवशी भाकरी टाकताना सोनालीला फिट आली आणि ती तव्यावर पडली. कोपरापर्यंत हात भाजला.

"पीडा निंघी ऱ्हायनी," भाईदास म्हणाला.

"पीडा नई, कातडी निंघी ऱ्हायनी पोरनी!" त्याची बायको सरलाबाई कडाडली. पण समुद्र हटताना तिनंही डोळ्यांनी पाहिला होता. त्यापुढे तिची जीभ रेटेना.

भाईदासची भाची मनीषा हात बघायला आली. ती एका बंदरात कामाला होती.

"मामी, समुद्र हटतो किती वाजता?"

"पाचला. दर खेपेला."

"आणि अष्टमीला?"

"अष्टमीला कोण जाईल बाई? आपला कारखाना अमासेलाच बंद."

मनीषानं कपाळावर हात मारला. "वीस वर्षं सुरतेत, आणि समुद्र पाहिला तो फक्त अमासेचा!"

येत्या अष्टमीला तिनं मामीला पाचच्या ठोक्याला डुमसला उभं केलं. पाणी पुढे येत होतं. सरलाबाईच्या चपला भिजल्या.

"मी बंदरात आकडे घातलेल्या खांबावर दर अर्ध्या तासाला पाणी वाचते नि लिहिते," मनीषा म्हणाली. "जहाजाखाली पाणी कमी पडलं तर ते गाळात रुततं. म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी नि चंद्र-सूर्याचं गणित घालून भरतीचं पुस्तक काढतात. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. पण अमासेला चंद्र पुन्हा सूर्याच्याच बाजूला असतो, म्हणून घड्याळ फिरून तिथंच येतं. इथं चारला पाणी भरतं, पाचला उतरतं. महाराज फक्त वेळेवर येतात."

अमास उजाडली. भाईदास मुठीत गोळ्यांची पाकिटं घेऊन रांगेत पहिला, शेजारी हाताला पट्टी बांधलेली सोनाली. महाराजांनी त्रिशूळ उचलला.

"महाराज, आज दर्या हटवू नका," सरलाबाई गर्दी चिरत पुढे झाली. "थांबवा."

"काय?"

"थांबवा! माझा एक चहा पिऊन होईस्तोवर. तुमचं ऐकतो ना?" तिनं पाण्याच्या काठावर काठी रोवली.

"बाईमाणसानं दर्याला आडवं जाऊ नये! कोप होईल!"

"मग बोलवा तरी. अष्टमीला आपणहून माझ्या पायाशी आला होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज मंत्र पुटपुटत राहिले आणि पाणी गुपचूप काठी सोडून मागे गेलं. त्यांनी झोळी उचलून काढता पाय घेतला, तेव्हा झोळीचा बंद भाईदासनंच धरला. झोळीतून भरती-ओहोटीचं छापील पुस्तक पडलं. त्यातल्या अमासेच्या तारखांना लाल पेनानं गोल केलेले.

भाईदासनं पुस्तक उचलून एकेका गोलावर बोट ठेवलं. मग मूठ उघडून त्यानं गोळ्या बायकोच्या हातात दिल्या. "डागदरले इचार. आजपासून चालू कर," एवढंच बोलला.

एक म्हातारी तरीही महाराजांमागे धावली, "बाबा, माझा नारळ तेवढा फोडा!" असल्यांसाठी एकच सांगणं. डोळ्यांनी पाहिलं म्हणता ना? मग सोयीच्या दिवशी नको, रोज पाहा. आणि पाहिलेलं लिहून ठेवा. जहाजं त्याच्याच भरवशावर बंदराला लागतात.

राहिला हिशेब. महाराजांचं गेलं एक पुस्तक, ते बाजारात पुन्हा मिळतं. भक्तांचे गेले नारळ. समुद्राचं काहीच गेलं नाही, तो रात्री ठरल्या वेळी परत आला. सगळ्यांच्या वाटची किंमत सोनालीनं मोजली, उजव्या हाताच्या कातडीनं.