नंदाचा कोरडा सूर

मार्गशीर्षातल्या दुपारचे ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर उतरलेले असायचे आणि त्या उन्हात नंदाचे अनवाणी पाऊल लोखंडी पेडलवर टेकले, की तिच्या जोडव्यांचा बारीकसा 'टिक्' व्हायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी ती, गाणारी मी. घाटकोपरच्या तिच्या दोन खोल्यांत कुळथाच्या पिठीच्या वासात आमच्या तालमी चालत. तिच्या पुढ्यात ते पेडल बसवलेला पाटाएवढा प्रोसेसर असे, गिटारच्या आवाजाला हवा तो रंग चढवणारे यंत्र. एकाच तारेला ती त्यातून कधी दरीची खोली द्यायची, कधी काचेची धार.

पन्नाशी ओलांडली आणि माझ्या कानांवर हळूहळू धुके उतरू लागले. आधी पैंजण हरवले, मग कुकरची शिट्टी, मग वाद्यांच्या गर्दीतून आपला सूर वेचता येईना. गाणे सुटेल या भीतीने मी कुणाजवळ बोलले नाही. मुलुंडच्या एका सभागृहात भर अंतऱ्यात माझा सूर खाली घसरला. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. नंदाने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या ओळीआधी एक स्वर ठासून वाजवत मला जागेवर आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला घरी बोलावले.

"कधीपासून गं?"

"काय कधीपासून?"

"नाटक नको करू ना. कान."

मी रडले. ती समजूत घालत बसली नाही; माझ्यासमोर स्पीकर आणून ठेवला.

"लोकांसाठी मी गिटार घुमवते, तीच स्टेजवर तुझ्या पायाशी असलेल्या स्पीकरमधून येत होती. त्या घुमण्यात तुझा सूर बुडतो. तुला कोरडी हवी, बिनघुमाऱ्याची."

त्या यंत्रातून आवाज बाहेर जायच्या वाटा एकाहून अधिक होत्या, हे मला तेव्हा कळले. घुमारा चढण्याआधीच नंदाने आवाज दुभंगला. एक वाट सजूनधजून सभागृहाकडे जाणार होती. दुसरी, निराभरण, फक्त माझ्या पायाशी ठेवायच्या स्पीकरकडे. त्या दुसऱ्या वाटेवरचा खर्ज तिने उतरवला, मधले स्वर उजळले आणि सभागृहाचा आवाज कमीजास्त केला तरी माझा हलणार नाही अशी तजवीज केली. ऊन भिंतीवर चढेपर्यंत ती एकच ओळ वाजवत राहिली.

"हा टोचतो? मग हा? सांग ना, लाजतेस काय!"

"बाकीच्यांना काय सांगायचं?"

"तुला वाटेल तेव्हा तूच सांग. माझ्याकडची वायरसुद्धा बोलणार नाही."

बोरिवलीच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा त्या सुरावर गायले. समोरच्या अंधारात गिटार आभाळासारखी पसरली असावी. माझ्यापाशी मात्र तिचा हाडामासाचा आवाज होता, अलंकार उतरवून घरात वावरणाऱ्या बाईसारखा. त्याचे बोट धरून मी अंतऱ्यात शिरले आणि न चुकता समेवर आले. पडदा पडल्यावर मीच सगळ्यांना माझ्या कानांचे सांगून टाकले. मग आमचे संचालक हळूच म्हणाले, "अहो ताई, आधी सांगायचं ना." नंदा पाठमोरी उभी राहून वायरी गुंडाळत होती. तिचे खांदे हलले. हसली की रडली, ते मी कधी विचारले नाही.

त्यानंतर मी आणखी सहा वर्षे गायले. मग यजमान निवृत्त झाल्यावर नंदा कुडाळला गेली आणि मीही थांबले. फोनवर तिचा आवाज आता मला उमगत नाही. आम्ही लिहून बोलतो. अक्षरांना तिच्या आवाजाचा खरखरीतपणा नसतो, तिचे मध्येच श्वास घेणे नसते. कधी कधी भरदुपारी मी डोळे मिटून तिचे 'सांग ना' आठवू पाहते. शब्द लगेच येतात, आवाज मात्र दर वर्षी थोडा अधिक लांबून येतो. काळ माणसाला एकाएकी नेत नाही, तो आधी त्याच्या आवाजाच्या कडा पुसतो. आणि जे कानांना सोडून गेले, ते सांभाळायला मग साऱ्या आयुष्यालाच कान व्हावे लागते.