बाजारातला साधा पाव

अकरा वर्षं आमच्या ह्यांनी माझ्या पावाला नावं ठेवली. "ह्यात पाव कमी, भोकं जास्त!" तेही पाहुण्यांसमोर.

हे प्रयोगशाळेत कोळसा करतात. चुलीतला नव्हे, वीज साठवायचा. हवा लागू न देता भट्टीत काहीतरी जाळायचं आणि उरलेल्या काळ्या तुकड्यात वीज भरायची. भुसा झाला, सालं झाली, वीज काही बसेना. एकदा वैतागून ह्यांनी डब्यातला माझा पाव भट्टीत लोटला, आणि चौपट वीज बसली! का, तर भोकांमुळे. मोठ्या भोकात बारीक भोकं, त्यांत आणखी बारीक. वीज बसते ती त्यांच्या भिंतींवर, म्हणे.

मग काय विचारता! दर सोमवारी दोन पाव हवेत, अगदी तसेच बिघडलेले. "तुझ्या हाताला गुण आहे गं." खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

ह्यांचा शोधनिबंध छापून आला. चष्मा लावून मी कौतुकाने वाचायला बसले. कृतीत लिहिलं होतं, 'बाजारात मिळणारा साधा पाव.'

"हे हो काय?"

"अगं, बायकोने केलेला पाव असं शास्त्रात लिहीत नाहीत. लोक हसतील."

महिन्याभरात ह्यांना प्रयोगशाळेकडून पत्र आलं. गुरुवारी समिती येणार, तिच्यासमोर सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर बसा घरी.

"दोन पाव कर हं," हे म्हणाले. "बाजारातल्याने होत नाही. पाच वेळा करून पाहिलंय."

म्हणजे माहीत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गुरुवारी निघताना ह्यांनी डबा उघडून पाहिला. आत बाजारचा पाव, कागदासकट.

"चेष्टा करू नकोस! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"चेष्टा कसली? तुम्हीच छापलंय. माझे पाव तिथे ओट्यावर निवताहेत. कुणी केलेत ते समितीला सांगणार असाल, तर खुशाल न्या."

ह्यांनी ओट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि बाजारचाच पाव घेऊन निघून गेले.

मी जरा वेळ रडले. मग पाव कापला, लोणी लावलं आणि खिडकीशी बसून खाल्ला. भोकं जास्त आहेत, खरंय. लोणी मात्र भरपूर बसतं.