न पाहिलेल्या खिडक्या

“अगं, इडली थंड होतेय. खा की,” मालतीताई म्हणाल्या.

“नाय उतरत घशाखाली. ताई, माझ्या वाटचं तुमीच बोला ना.”

“बघू.”

सुंदराचा जीव भांड्यात पडला. मालतीताईंच्या ‘बघू’चा अर्थ आजवर नेहमी ‘हो’च निघाला होता.

चौक गावच्या जुन्या हायवेवरच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये सकाळी सकाळी पन्नासेक माणसं नाश्ता करत होती आणि सगळी एकदम बोलत होती. सोलरवाले, बोअरवेलवाले, रिसॉर्टचे मालक, फार्महाऊस बांधून देणारे, एक दातांचे डॉक्टर. दर बुधवारी ही मंडळी जमत. नाश्ता झाला की एकेकाने उभं राहून एका मिनिटात आपलं नाव, आपलं काम आणि आपल्याला कसलं गिऱ्हाईक हवं ते सांगायचं. मिनिट संपलं की अध्यक्ष घंटी वाजवत, मग वाक्य अर्धं राहिलं तरी खाली बसायचं. मालतीताई तिथल्या जुन्या सभासद. आज त्यांनी सुंदराला पाहुणी म्हणून आणलं होतं, आणि पाहुण्यांनाही एक मिनिट मिळत असे.

सुंदरा पडदे शिवायची. लग्न होऊन भिसेगावात आली तेव्हापासून मालतीताईंच्या मागच्या खोलीत दोन मशिनी आणि ती. बाकी सगळं मालतीताई बघत. शिक्षकाच्या घरात वाढलेल्या, चारचौघांत वावरलेल्या. अनोळखी माणसाशीही असं बोलत की पाच मिनिटांत तो आपल्या सुनेची तक्रार त्यांना सांगू लागे. फार्महाऊसवर जाऊन माप त्या घेत, ऑर्डर त्या आणत, तयार पडदे टांगायलाही माणूस घेऊन त्याच जात. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं म्हणतात. इथे एकीने बोलायचं आणि दुसरीने सोनं शिवायचं अशी वाटणी होती, आणि ती दोघींना मानवली होती.

आता मालतीताईंचे गुडघे बोलू लागले होते. मुलगा मिहीर पुण्याला बोलावत होता, नात सई रोज फोनवर “आजी, कधी?” विचारत होती. महिनाअखेरीला त्या निघणार होत्या. मशिनी त्यांनी सुंदराला देऊन टाकल्या, पण मशिनीला तोंड नसतं. गिऱ्हाईक कोण आणणार? नाही आणलं तर सुंदरासाठी एका रिसॉर्टवर चादरी बदलायचं काम ठरल्यासारखंच होतं. ते वाईट नव्हतं. फक्त त्यात शिवण नव्हती, आणि शिवण नसलेल्या दिवसाचा विचार आला की सुंदराला रडूच यायचं.

माइक टेबलाटेबलावरून फिरू लागला. सोलरवाला बोलायला लागला आणि सुंदरा त्याच्या गच्चीवर जाऊन पोचली. तिथे ऊन होतं, वाळत घातलेले पापड होते, खाली कुणाची तरी म्हैस हंबरत होती. बोअरवेलवाला बोलला तेव्हा ती जमिनीखालच्या गार काळोखात पाण्याचा आवाज ऐकत होती. तिचं हे लहानपणापासूनचं. आई म्हणायची, “पोरीचं अंग घरात नि जीव गावभर.” बाहेर हायवेवर धुकं इतकं दाट होतं की ट्रक नुसते आवाजाने जात होते.

“पाहुण्या ताई?” कुणीतरी माइक तिच्या हातात दिला.

सुंदरा उभी राहिली. तिने मालतीताईंकडे पाहिलं, तर त्या सांबारात काहीतरी शोधत होत्या.

आपण कोण हे चार माणसांत सांगायची एकच रीत तिला ठाऊक होती. लग्नाकार्यात म्हाताऱ्या विचारतात, “कोनाची गं तू?” तेव्हा सांगतात ती.

“मी सुंदरा. कशेळ्याच्या आबाजींची थोरली लेक. आईचं म्हायेर इथंच, चौकला. चुलता पाटबंधाऱ्यात होता, तो वारला. मला भिसेगावात दिली. सासरे एसटीत होते. नणंद नेरळला, तिला दोन पोरं. धाकटा दीर…”

घंटी वाजली. हॉलमध्ये हसू पिकलं. वाईट हसू नव्हतं, पण हसूच. पडदे हा शब्द तिच्या तोंडून निघालाच नव्हता. ती मटकन खाली बसली. कान तापले. चादरी बदलायचं काम वाईट नाही, ती स्वतःला सांगत राहिली.

पुढचा नंबर मालतीताईंचा. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सुंदराला हायसं वाटलं. आता ताई सावरून घेतील. ताईंनी माइक घेतला.

“माझं मिनिट मी हिला देते,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

“ताई!” सुंदरा कुजबुजली. “काय करता? मला नाय येत.”

“नातीगोती नको सांगूस. मला शिवताना सांगतेस ना, ते सांग. मिनिट सुरू झालं हां.”

सुंदरा पुन्हा उठली. माणसांकडे बघवेना म्हणून तिने धुक्याकडे बघितलं.

“मी पडदे शिवते,” ती म्हणाली. “ताई माप आणून देतात. खिडकी मी बघितलेली नसते. नुसतं माप आन् खिडकी कुठल्या अंगाला हाय तेवढं. मग कापड मांडीवर घेऊन मी बसून राहते. हळूहळू घर दिसाया लागतं. उगवतीची खिडकी असली तर तिथं कोनीतरी झोपलेलं असतं, त्याच्या डोळ्यावर ऊन येतं. मग मी अस्तर जाड लावते. नदीच्या अंगाची असली तर वारा येनार, पडदा उडाला पायजे, म्हणून हलकं कापड. कुठं एखादी म्हातारी बसत असंल, तिला रस्ता दिसला पायजे. मी त्या घरात कधी गेले नाय. पन कातर लावायच्या आधी मी तिथं जरा वेळ उभी राहून येते.”

कुणी हसलं नाही.

“आता ताई पुण्याला चालल्या. तर माप घ्यायला मीच येईन.” आणखी काय मागायचं असतं ते तिला आठवेना. “ज्यांच्या घराला खिडकी हाय, त्यांनी बोलवा.”

पुन्हा हसू पिकलं, पण या वेळी ती स्वतःही हसली. घंटी वाजवायची अध्यक्ष विसरले होते.

चहाच्या वेळी तिच्याभोवती माणसं जमली. कमलेशशेठ नावाचे रिसॉर्टवाले गर्दीतून पुढे आले. “आबाजींची लेक म्हणालीस ना? अगं, आबाजी नि माझे वडील एका पंगतीला जेवलेले. कशेळ्याच्या पुढं आमचं नवीन काम चाललंय, खिडक्याच खिडक्या. उद्या येशील?”

“येते,” सुंदरा म्हणाली. दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याला काहीतरी हवं होतं. कुणी तिचा नंबर मागत होतं. ती सांगत होती, चुकत होती, पुन्हा सांगत होती. खूप वेळाने तिला ताईंची आठवण झाली.

टेबल रिकामं झालं होतं. दर बुधवारी ज्यांच्याभोवती निम्मा हॉल असे, त्या मालतीताई एकट्याच बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. उशिरा आलेली एक नवी मुलगी त्यांच्यापाशी थांबली आणि तिने आपलं कार्ड पुढे केलं.

“नमस्कार, मी सुप्रिया. मॅडम, आपलं काय काम असतं?”

मालतीताईंनी मान वळवून गर्दीकडे पाहिलं.

“मी ना?” त्या म्हणाल्या. “मी त्या सुंदराबाईंबरोबर आलेय.”