खिशातली भट्टीबाई

बोटांना आधी नाक लागलं, मग पोटावरचा खळगा, आणि मग तिला कळलं की ही रुमालात गुंडाळलेली मातीची बाई इथे, एप्रनच्या खिशात, असायला नको होती – आत असायला हवी होती, भट्टीत, सगळ्यात वरच्या फळीवर, कपांच्या रांगेपुढे. तिने हात तसाच खिशात राहू दिला. बाहेर काढला नाही तर जणू अजून विसरलेलीच नाही... समोर दार विटा रचून, मातीने लिंपून बंद झालेलं, आणि एका विटेच्या भोकातून आतला लाल उजेड डोळा लावून बघावा असा. भट्टी सकाळपासून पेटली होती. आता दार फोडलं तर गार वारा आत शिरणार आणि कप, ताटल्या, वाडगे, सगळा माल एकजात तडकणार. आणि ही भोकातून आत टाकावी, तर कच्ची माती एकदम आगीत गेली की लाहीसारखी फुटते. म्हणजे आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

मी विसरले. मी, जी गॅसची चावी दोनदा बघते, घराचं कुलूप तीनदा ओढते, ती हिला विसरले.

भट्टीबाई हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलेलं. अंगठ्याएवढी, मांडी घालून बसलेली, जाड नाकाची बाई. देवबीव त्या दोघांनीही कधी मानला नाही. लग्नाआधीच एकमेकांना तसं सांगून टाकलं होतं, लोक जुनं दुखणं सांगतात तसं, आणि दोघांनाही हायसं वाटलं होतं. मग ही कुठून आली? तर पहिल्या भट्टीतून. त्यांची पहिली भट्टी, उसनवारीच्या जागेतली, उघडली तर एक भांडं धड नाही. ती म्हणाली, तू आच घाईने वाढवलीस. तो म्हणाला, तू माती नीट मळली नाहीस, हवा राहिली आत. झालं, घरात अबोला. ताटं आदळली जात होती, आणि ताटंही स्वतःच केलेली, म्हणजे नुकसान दुप्पट. मग एका सकाळी तो उरल्यासुरल्या मातीची ही ठेंगणी बाई करून घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "यापुढे जे बिघडेल ते हिचं. शिव्या हिला घालायच्या."

तेव्हापासून दर भट्टीला नवी बाई. माल बिघडला की तिचा उद्धार, चांगला निघाला की तिच्यापुढे एखादं फूल. नियम एकच – मागायचं नाही. नसलेल्या माणसापुढे पदर पसरायचा नाही. एकदा नणंद आली होती, देवभोळी, पण या दोघांवर जीव टाकणारी, ती म्हणाली, "वहिनी, मानत नाही म्हणता आणि फूल ठेवता, हे काय गौडबंगाल आहे?" उत्तर तिच्या भावानेच दिलं: "ती नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. म्हणून तर आमचं बरं जमतं." नणंद म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, आणि जाताना दोघांची नजर चुकवून बाईला हात जोडून गेली. ते दोघांनीही पाहिलं, पण तिची चेष्टा कधी केली नाही.

भाजून निघालेल्या सगळ्या बाया घरी मोरीवरच्या फळीवर बसलेल्या आहेत. भांडी घासताना त्या दिसतात. डावीकडच्या, जुन्या बायांचे डोळे काडीने एका दमात ओढलेले. उजवीकडे सरकावं तसं ओठ दुहेरी, पापण्या दुहेरी, बाईच थंडीने कुडकुडतेय असं वाटावं... त्याचे हात थरथरायला लागले ते त्या फळीवर आधी दिसलं, डॉक्टरांना मागाहून. चाक सुटलं, झिलई द्यायचं सुटलं, मग कारखान्यात येणंही सुटलं. बाई तेवढी राहिली. खिडकीपाशी बसून तो अख्खी दुपार तिच्यावर घालवायचा, वाळवायचा, रुमालात गुंडाळून बायकोच्या हातात द्यायचा. शेवटी पोटावर अंगठा दाबायचा – तो खळगा म्हणजे त्याची सही. अंगठा दाबताना हात थरथरला तरी चालतो.

आणि आज सकाळी रुमालाची गाठ बांधता बांधता तो म्हणाला होता, "ही शेवटची गं. बोटं ऐकत नाहीत. उगाच मातीचा छळ." आणि ती म्हणाली होती, "बरं." नुसतं बरं! चाळीस वाक्यं बोलता आली असती – अरे, असं कसं, थांब, बघू – पण बायको असूनही ती त्या क्षणी शेजारीण असल्यासारखी बरं म्हणाली आणि चपला घातल्या. वाटभर ते बरं तिला टोचत राहिलं. विटा रचतानाही तेच, लिंपतानाही तेच. खिशातल्या बाईची आठवण यायला डोक्यात जागा कुठे होती?

तिने शेवटी रुमाल बाहेर काढला, गाठ सोडली. हात नुकते धुतलेले, ओलेच. लक्षात येईपर्यंत बाईच्या नाकाचा शेंडा मऊ पडून जरासा पुसला गेला होता. तिने चटकन हात मागे घेतला. शेवटची, आणि तीही मीच बिघडवली.

फोन वाजला. तोच. तो फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलतो, कारण हातात धरला की कानावर टकटक होते.

"बसली का बाई?"

हो, हे तोंडापर्यंत आलं होतं. एका शब्दात निभावलं असतं. पण मग भट्टी उघडल्यावर काय दाखवणार?

"नाही," ती म्हणाली. "खिशात राहिली माझ्या. दार लिंपून झाल्यावर कळलं."

पलीकडे खुर्ची करकरली.

"म्हणजे कच्चीच आहे अजून."

"हो. आणि ओल्या हाताने मी नाक बिघडवलंय तिचं."

"किती?"

तिने बाईकडे पाहिलं. शेंडाच काय तो, तिळाएवढा.

"बरंच," ती म्हणाली.

"बरंच म्हणजे?"

"म्हणजे नाक म्हणून उरलं नाहीये."

"अगं मग भिजवावी लागेल," तो म्हणाला, आणि तो आवाज तिने किती दिवसांनी ऐकला – कामाचा, कुरकुरणारा, घाईतला. "पुन्हा मळायला हवी. अशी कशी बसवणार पुढच्या वेळी? ओल्या फडक्यात गुंडाळून आण. आणि विसरू नकोस आता." मग जरा थांबून, "आज शिव्या कुणाला घालायच्या पण?"

"तिलाच. खिशात गप्प बसून राहिली."

तो हसला. सकाळच्या बोलण्याचं त्याने नाव काढलं नाही, तिनेही नाही, आणि फोन बंद झाला.

ती स्टुलावर बसली. भोकातला लाल उजेड तिच्या तळव्यापर्यंत पोचत होता, आणि तळव्यावर बाई, पोटावर त्याचा अंगठा घेऊन, जवळजवळ धडधाकट. भाजलेली माती कायमची. कच्ची तेवढी पुन्हा पाण्यात जाते, पुन्हा लोण्यासारखी होते. तिने बादलीत बोट बुडवलं आणि नाकावरून फिरवलं. एकदा, दोनदा, नीट सावकाश, नाक म्हणून काही उरेना तोवर. मग ओठांवरून. पोटाला मात्र हात लावला नाही.

"माफ कर गं," ती म्हणाली – आणि थबकली, कारण माफी हेही मागणंच झालं. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही मोडला नव्हता तो नियम. पण आता मोडलाच होता. तिने बिननाकाच्या बाईला तोंडाजवळ धरलं आणि दुसरंही मागून घेतलं, त्याच्या बोटांसाठी. आणि ऐकणारं कोणी नाही हे पक्कं ठाऊक असूनही आवाज हळू ठेवला.