पाद्रीबुवाची सही

पाद्रीबुवाने कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"एवढं काय वाचताय?" मॅनेजर म्हणाले. "वेल्डरला सेफ्टी बेल्ट दिला होता, त्याने लावला नाही, पडला. बस्स. तुमच्यासारख्या देवमाणसाची सही असली की पुढे कोणी काही विचारत नाही."

पाद्रीबुवा काही पाद्री नव्हे, कारखान्यातला फोरमन. चर्चचे पाळक गावाला गेले की तिथे उपदेश करायचा, म्हणून कामगारांनी चिडवून ठेवलेलं नाव. त्याला ते मनातून आवडायचं. वीस वर्षं तो मंडळीला एकच बजावत आला होता: परीक्षेची वेळ सांगून येत नाही, तयार राहा. स्वतः तर कंबर कसून बसला होता. विश्वासापायी तुरुंगात टाकलं तर काय बोलायचं, मारायला उठले तर काय बोलायचं, सगळं तोंडपाठ. पण परीक्षा अशी पंख्याखाली बसवून, चहा पाजून घेतील, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बेल्ट दिलाच नव्हता. होते ते दोन्ही तुटके. "दहा मिनिटांचं काम, जा चढ," असं वेल्डरला सांगणारा पाद्रीबुवाच होता.

"वहिनींचं डायलिसिस कसं चाललंय?" मॅनेजरांनी अगदी मायेने विचारलं. "कंपनी बघतेय ना सगळं?"

आठवड्यातून तीनदा, कंपनीच्या पत्रावर, फुकट. पाद्रीबुवाने सही केली.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी वेल्डरच्या घरी प्रार्थना होती. तो लवकर पोचला. वेल्डरच्या बायकोने खुर्ची दिली आणि समोर बसली.

"दफनाच्या आधीच कंपनीचा माणूस कागद दाखवून गेला," ती म्हणाली. "मी त्याला हाकलूनच देणार होते. हे बेल्टशिवाय कधी चढायचे नाहीत. मग खाली तुमची सही दिसली."

पाद्रीबुवाने चष्मा काढून पुसला.

"तुम्ही थोडंच खोटं लिहाल! काका, मी फार चिडले हो त्यांच्यावर. शवपेटीपाशी उभी राहून मनात नाही नाही ते बोलले. घरी लेकरू आहे, आणि इतका निष्काळजीपणा? काल पोरीने विचारलं, बाबा कसे पडले? म्हटलं, स्वतःच्या चुकीने."

मांडीवरच्या बायबलात वाचायचा उतारा त्याने काढून ठेवला होता. आपल्या बायकोचा सुयांनी काळानिळा झालेला हात डोळ्यांपुढे आला. अजूनही आपलं मन मागेपुढे करतंय, याची त्याला शरम वाटली.

"त्याची चूक नव्हती," तो म्हणाला. "बेल्ट नव्हताच. मीच चढायला सांगितलं. मी खोट्या कागदावर सही केली."

ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"पोलिसांपुढे सांगाल?"

"सांगेन. उद्याच जातो."

"आणि काकूंचं काय?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आतल्या खोलीकडे वळून तिने लेकीला हाक मारली. आठ वर्षांची पोर दारात येऊन उभी राहिली.

"पोलिसांचं उद्या," आई म्हणाली. "आधी हिला सांगा."